मंगळवारचा शिक्का

सातारा रस्त्यावर पद्मावतीच्या पुढे जुन्या गाड्यांचं एक यार्ड आहे, तिथे मी कागद बघते. इंजिन कसं वाजतंय, टायर किती उरलेत, डेंट-पेंट कुठे झालंय हे बघायला दोन मुलं आहेत. माझ्या टेबलावर येतात ते आरसी, विमा, पीयूसी, एचपी म्हणजे कर्जाचा बोजा, आणि चलनं. आमचे शेठ म्हणतात, गाडी धुऊन चकचकीत करता येते, कागद धुता येत नाहीत. हे ते गाडी घेताना म्हणतात. विकताना फारसं म्हणत नाहीत.

२०२४ चा जुलै. सकाळपासून पाऊस लागलेला, यार्डात चिखल, गिऱ्हाईक शून्य. अशात एक चंदेरी वॅगन आर आत आली. एमएच १२, २०१२ चं मॉडेल. चालवत होत्या पासष्टीच्या पुढच्या एक काकू. गाडी त्यांनी दोन इनोव्हांच्या मध्ये एका दमात रिव्हर्स लावली, ते बघून आमची दोन्ही मुलं चहा हातात धरून उभीच राहिली.

"ही द्यायचीय आणि ऑटोमॅटिक घ्यायचीय," छत्री झटकत काकू म्हणाल्या. "क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला. सदाशिव पेठेत राहते मी. तिथे गाडी चालवायची म्हणजे अर्धा वेळ क्लचवरच उभं राहायचं."

मी आरसी मागितली.

"तेवढं कार्ड सापडत नाहीये गं. हे फेब्रुवारीत गेले. त्यानंतर सगळी कपाटं उपसली. बाकी सगळं आणलंय."

सगळं म्हणजे खरोखर सगळं. प्लॅस्टिकची एक जाड फाइल. त्यात काकांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या अकरा झेरॉक्स, सगळ्या सहीशिक्क्यानिशी. मुलीचं ना-हरकत पत्र. आणि गाडीची एक डायरी. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, त्या वेळचं किलोमीटरचं रीडिंग, काढलेलं ॲव्हरेज. एका पानावर नुसतं "डाव्या मागच्या चाकात हवा कमी वाटते", आणि दुसऱ्या दिवशीच्या तारखेखाली "वाटत नाही, आहे".

म्हटलं, ही केस सोपी आहे. मालक वारला की आरटीओत फॉर्म ३१ लागतो. कायद्याप्रमाणे तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायचं असतं. काकूंना उशीर झाला होता, पण असा उशीर निम्म्या घरांत होतो. आरसी हरवल्याची पोलिसांकडे नोंद, मग फॉर्म २६ वर डुप्लिकेट. महिन्या-दीड महिन्याचं काम. मी कॉम्प्युटरवर गाडीचा नंबर टाकला.

तिथे नाव पूर्ण दिसत नाही. एखाददुसरं अक्षर आणि मग चांदण्या. पण पहिलं अक्षर दिसतं. ते अक्षर काकांच्या नावाचं नव्हतं, काकूंच्याही नाही. आडनावाचंही जमेना. खाली एचपी होती, म्हणजे गाडीवर बँकेचा बोजा अजून नोंदलेला. चलन मात्र एकही बाकी नव्हतं. बारा वर्षांची पुण्यातली गाडी आणि एकही चलन नाही! हे मी तेव्हा नुसतं बघितलं, पुढे विचार केला नाही.

"काकू, ही गाडी नवीनच घेतली होती ना?"

"छे, सेकंड हँड. यांच्या कामावरच्या मित्राची. पंधरा साली घेतली."

मी विम्याची पॉलिसी उघडली. काकूंनी ती दर वर्षी ऑनलाइन भरताना बघितलेली, पण वर नाव कुणाचं आहे ते वाचलेलं नव्हतं. वर मित्राचं नाव होतं.

त्यांना हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. ज्या माणसाने चाकातली हवा दोन दिवस लिहून ठेवली, त्याने नऊ वर्षं गाडी स्वतःच्या नावावर केली नव्हती. आरटीओच्या लेखी ही गाडी काकांची कधी नव्हतीच. त्यामुळे काकूंची होण्याचाही प्रश्न नव्हता. त्या अकरा झेरॉक्सचा या गाडीपुरता काही उपयोग नव्हता.

मी सांगितलं. काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "शक्य नाही. हे माझ्या लायब्ररीच्या कार्डाची मुदतसुद्धा लक्षात ठेवायचे."

फाइल पुन्हा तळापासून बघितली. अगदी खालच्या खिशात पिवळट पडलेला एक संच निघाला. शंभराच्या स्टॅम्प पेपरवरची खरेदीची पावती, फॉर्म २९, फॉर्म ३०, बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. टीटीचा, म्हणजे गाडी नावावर करायचा, पूर्ण सेट. विकणाऱ्याच्या सह्या जागच्या जागी, चेसिस नंबरचा पेन्सिल-प्रिंटही काढून चिकटवलेला. फॉर्म ३५ वर बँकेची सही होती, शिक्का नव्हता. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं: "शिक्का राहिला. मंगळवारी."

तो मंगळवार आलाच नसावा. किंवा आला असेल आणि त्या दिवशी गॅस सिलिंडर येणार असेल. मी या टेबलावर दहा वर्षं बसतेय. फसवायचं म्हणून नाव न बदलणारे मला मोजकेच भेटले. बाकी सगळ्यांचा कुठला ना कुठला मंगळवार राहिलेला असतो.

तेवढ्यात आमचा नेहमीचा आरटीओ एजंट चहाला टेकला. सगळं ऐकून त्याने मांडीवर थाप मारली. "ताई, सह्या आहेतच की. तारीख नवीन टाकू. एखादी कमी पडली तर मी आहे." शेठही केबिनमधून डोकावले. मागणीतली गाडी, एक हात फिरलेली, ती सोडवत नव्हती त्यांना. मी एवढंच म्हटलं, की पंधरा साली हे खपलं असतं. आता अर्ज भरताना ओटीपी मूळ मालकाच्या मोबाइलवर जातो. तो काय तुम्ही वाचणार? एजंटने चहा संपवला. खरं सांगायचं तर ओटीपी नसता तरी मी ते करू दिलं नसतं. पण शेठपुढे तत्त्वापेक्षा ओटीपी जास्त चालतो.

पावतीवर मित्राचा पत्ता होता, निगडी प्राधिकरणाचा. काकू म्हणाल्या, फोन नको, भेटूनच बोलू. "यांचं आणि त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. काय ते यांनी सांगितलं नाही." शेठनी मला सुट्टी दिली, म्हणजे अर्धा दिवस कापला.

गाडी घेऊन जायला मी ठाम नकार दिला. रस्त्यात काही घासलं तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारेल, गाडी कुणाची. पॉलिसीवरही गाडी हातबदल झाल्याचं चौदा दिवसांत कळवायचं असतं, तेही झालेलं नव्हतं. मग रिक्षाने सिव्हिल कोर्ट, तिथून मेट्रोने पिंपरी, पुढे पुन्हा रिक्षा. काकू पहिल्यांदाच मेट्रोत बसत होत्या. बोपोडीपर्यंत खिडकीतून बघत होत्या, मग एकदम म्हणाल्या, "क्लचची कटकट नाही, बरं आहे."

दार स्वतः त्या मित्रानेच उघडलं. काकूंना बघून चेहरा कडक झाला. "चलनाचं असेल तर मला आता काही बोलायचं नाही," हे पहिलं वाक्य.

"हे गेले," काकू म्हणाल्या. "फेब्रुवारीत."

त्यांना माहीत नव्हतं. तीस वर्षं भोसरीला एका वर्कशॉपमध्ये शेजारी शेजारी काम केलेलं आणि माहीत नव्हतं. दाराची कडी हातात धरून ते तसेच उभे राहिले. आत येऊ का, हेही काकूंनाच विचारावं लागलं. मग ते वळून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यांच्या सुनेने पाणी आणून ठेवलं.

भांडण काय होतं ते पुढच्या अर्ध्या तासात कळलं. ई-चलन सुरू झाल्यावर मेसेज मित्राच्या मोबाइलवर यायला लागले. नो पार्किंगचे दोन, दोनशे-दोनशेचे. मग एक्स्प्रेसवेवर वेगाचं हजाराचं. त्याने काकांना फोन केला, "अरे, गाडी नावावर करून घे." तिकडून "करतो, करतो". तिसऱ्या वेळी आवाज चढला. काका म्हणाले, "एवढं जड होत असेल तर घेऊन जा तुझी गाडी परत." मित्राने फोन ठेवला, तिन्ही चलनं स्वतः भरली आणि पुन्हा फोन केला नाही. यार्डात बघितलेलं कोरं चलन-खातं मला तिथे उलगडलं.

सही करायला ते लगेच तयार झाले नाहीत. त्यात त्यांची चूक नव्हती. "नऊ वर्षं मी गप्प बसलो, आता सही केली आणि काही मागचं निघालं तर?" मी त्यांना उलटं सांगितलं. मागचं निघण्याचा धोका इतकी वर्षं तुमच्याच डोक्यावर होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, गाडी विकली तरी आरटीओच्या नोंदीत नाव तुमचं असेल तर अपघाताची भरपाई तुमच्याकडून मागितली जाते. विकणाऱ्यानेही चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते तुम्हीही केलं नव्हतं. हे ऐकून ते माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे ह्याने एक्स्प्रेसवेवर कुणाला उडवलं असतं तर...?" मी मान हलवली. काकू मध्येच म्हणाल्या, "उडवलं नसतं. वेग असायचा, पण लक्ष असायचं."

पुढचं काम मित्राने मनावर घेतलं. बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, त्यामुळे जुन्या पत्राला कुणी विचारलं नसतं. कर्ज त्यांच्या नावावर होतं, तेव्हा नवीन एनओसी त्यांनाच मिळणार. त्यासाठी ते दोन वेळा शाखेत जाऊन बसले. नवीन फॉर्म ३५ ची प्रत आणि शिक्का आधी स्वतः तपासला आणि मग मला फोटो पाठवला, खाली लिहून: शिक्का आहे. आरसी हरवल्याची तक्रार, फॉर्म २६, एचपी उतरवणं हे एकामागून एक झालं. २०२३ च्या एप्रिलपासून नवीन नियम आल्यावर शेठनी अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र काढून ठेवलं होतं, त्यामुळे गाडी आमच्या ताब्यात आल्याची नोंद थेट मित्राच्या नावावरून झाली. प्रत्येक वेळी ओटीपी निगडीला गेला आणि प्रत्येक वेळी ते फोनवर आकडे एकेक करून, सावकाश, दोनदा वाचून दाखवायचे. सगळ्याला सात आठवडे लागले.

एक गाठ शेवटपर्यंत राहिली, पैशांची. आम्ही पैसे देतो ते आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. एक्स्चेंजमध्ये ते वळते करता येत नव्हते, कारण नवीन गाडी काकूंच्या नावावर आणि जुनी मित्राच्या. शेठनी एक लाख पंचावन्न हजार म्हटलं, काकूंनी नवीन टायरची बिलं डायरीतून काढून एक लाख बासष्टवर आणलं. ते निगडीच्या खात्यात गेले. ते पुढे येतील की नाही, याची चिंता शेठना काकूंपेक्षा जास्त होती.

दुसऱ्या दिवशी काकू ऑटोमॅटिकची डिलिव्हरी घ्यायला आल्या आणि मला मोबाइल दाखवला. खात्यात १,६०,६०० जमा झाले होते.

मी हिशेब केला. बासष्टमधून चलनांचे चौदाशे वजा.

"कापून घेतले त्यांनी?" मला जरा लागलंच ते.

"मग? घेणारच," काकू सीट पुढे ओढत म्हणाल्या. "यांना कुणाची उधारी ठेवलेली चालायची नाही." डाव्या पायाने सवयीने क्लच शोधला, सापडला नाही, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली.