बाटलीचा वास

दुपारी लेकीची पाण्याची बाटली घासायला घेतली आणि सहज सेफ्टी पिनेने झाकणातली रबरी रिंग उचकटली. खाली काळी रेघ. बुरशी! वरवर विसळून रोज हेच दप्तरात घालत होते मी.

मग बाटली उलटी केली. तळाला बाणांचा त्रिकोण, आत प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा, ७. म्हणजे ‘इतर’. पाच आकडा असता तर पॉलिप्रोपिलीन म्हणून गप्प बसले असते. ‘इतर’मध्ये बरंच काही येतं, त्यात पॉलिकार्बोनेटही. काचेसारखं लख्ख, आपटलं तरी न फुटणारं. ते बीपीए (बिस्फेनॉल-ए) नावाच्या रसायनापासून बनतं, आणि गरम पाण्यात ते बीपीए जास्त झिरपतं. बाळांच्या दुधाच्या बाटल्यांमधून युरोपीय संघाने त्याला २०११ साली हद्दपार केलं, अमेरिकेने २०१२ मध्ये. पुढे काही ठिकाणी त्याच्या जागी बीपीएस आलं. म्हणजे चुलतभाऊच! आता ‘बीपीए-मुक्त’ वाचून निर्धास्त व्हायचं तरी कसं?

मी तरी आजवर नाकावर विसंबून होते. कुठलीही नवी बाटली दिसली की झाकण उघडायचं आणि नाक खुपसायचं. ही खोड शाळेपासूनची. तेव्हा बाटली गळ्यात असायची, पट्टा मानेला काचायचा. खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला सगळ्यांच्या बाटल्या उन्हात ओळीने उभ्या. धापा टाकत यायचं, झाकणाच्या पेल्यात पाणी ओतायचं. कोमट, प्लास्टिकच्या वासाचं. खरं सांगू? मला तो वास आवडायचा. घरचं पाणी त्यापुढे बेचव लागायचं.

आता कळतंय, नाकाला वास आला नाही म्हणून बाटली चांगली ठरत नाही.

काचेची घ्यावी, तर आमच्याकडे आठवडाभरही टिकायची नाही. शेवटी स्टीलची आणली. तळाला १८/८ कोरलेलं. मी आधी तारीखच समजले. निघालं १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. झाकण मात्र प्लास्टिकचंच, आणि आत पुन्हा तीच रबरी रिंग.

“आई, जड आहे,” एवढंच म्हणाली लेक. तिसऱ्या दिवशी बाटली पडली, पोचा आला. पोचा झाकायला तिने त्यावर एक चमचमता स्टिकर चिकटवलाय.

तो कशाचा बनलाय, ते मी बघायला गेले नाही.