डॅशबोर्ड बातमीपट्टी: गायब मथळ्यांचा छडा लागला!

वाचनालयाच्या वर्डप्रेस साइटच्या डॅशबोर्डवर बातम्यांचे मथळे दाखवणारं विजेट (छोटी पेटी) अखेर सगळे मथळे दाखवतंय. रचना मागच्या वेळी सांगितली तीच: 'डब्ल्यूपी_डॅशबोर्ड_सेटअप' हुकवर (वर्डप्रेसमध्ये आपला कोड अडकवायची जागा) विजेट नोंदवायचं आणि 'फेच_फीड'ने एका मराठी दैनिकाची व एका इंग्रजी साइटची फीड (ताज्या बातम्यांची एक्सएमएल यादी) आणायची. इंग्रजी यादी पहिल्यापासून स्वच्छ. मराठी यादीत मात्र काही ओळींवर नुसती तारीख, मथळ्याच्या जागी पोकळी.

पहिला संशय कॅशवर, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीवर. 'फेच_फीड' उत्तर 12 तास धरून ठेवतं, म्हणून फिल्टर लावून मुदत एका मिनिटावर आणली. क्वेरी मॉनिटर या तपासणीच्या प्लगिनमध्ये दर वेळी ताजी विनंती जाताना दिसत होती (हे प्लगिन नसेल तर आजच टाका, फुकट आहे आणि त्याला तोड नाही), तरी तेच मथळे रिकामे. फीडचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) यूटीएफ-8, मूळ एक्सएमएलमध्ये मथळे धडधाकट.

शेवटी मजकूर पानावर सुरक्षित उमटवणारं 'ईएससी_एचटीएमएल' तात्पुरतं काढलं आणि उजेड पडला. मथळे उमटले, पण शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह! साइटच्या जुन्या थीममध्ये मथळा आखूड करणारं एक फंक्शन आहे, तेच विजेटमध्ये वापरलंय. ते 'सबस्ट्र'ने 60 बाइटवर कापतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं, स्पेस मात्र 1 बाइटची. 'महाराष्ट्र' दिसायला चार अक्षरं, आत 10 चिन्हं, म्हणजे 30 बाइट. कात्री चिन्हाच्या मधोमध पडली की यूटीएफ-8 अवैध होतं, आणि 'ईएससी_एचटीएमएल' अवैध मजकुराच्या जागी रिकामी स्ट्रिंग देतं. पहिल्या 60 बाइटांत स्पेस आणि स्वल्पविराम मिळून तीन किंवा सहा असले तर मथळा वाचतो, चार-पाच असले की गेला. पडताळून पाहिलं, तंतोतंत जुळलं. असा आनंद क्वचित मिळतो.

बाइटांऐवजी चिन्हं मोजून कापणाऱ्या 'एमबी_सबस्ट्र'ने पोकळी गेली, पण 'महाराष्' असा लटकता हलन्त उरला. तो डोळ्यांना खुपतो, मला तो चालणार नाही. दिसणारी अक्षरं मोजून कापणारं 'ग्राफीम_सबस्ट्र' विचारात घेतलं, पण त्याला पीएचपीचं इंटल एक्स्टेन्शन लागतं आणि आमच्या होस्टिंगवर ते बंद. शिवाय देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये 15.1 आवृत्तीत, 2023 साली आला, त्यामुळे जुन्या आयसीयूवर (इंटल ज्यावर चालतं ती युनिकोड लायब्ररी) तिथेही जोडाक्षर तुटणारच. म्हणून सरळ शब्द मोजून कापणारं 'डब्ल्यूपी_ट्रिम_वर्ड्स', आठ शब्द. मथळा शब्दावरच तुटला पाहिजे, या मताला मी आता पक्का चिकटलोय.

बाकी किरकोळ: वर्डप्रेसची स्वतःची बातम्यांची पेटी 'रिमूव्ह_मेटा_बॉक्स'ने हटवली. कंट्रोल कॉलबॅक (विजेटचा सेटिंग फॉर्म दाखवणारं फंक्शन) जोडल्यामुळे ग्रंथपाल मॅडम फीडचा पत्ता स्वतः बदलू शकतात.

पुढे फीड आणायचं काम क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) टाकायचं ठरलं होतं. पण हे लिहितानाच सुचलं, की तेच कापणारं फंक्शन मुखपृष्ठावरच्या 'नवी पुस्तकं' यादीतही आहे, आणि तिथेही अधूनमधून नावं गायब असल्याची तक्रार येते! तेव्हा क्रॉन थांबेल. थीमने ते फंक्शन 'फंक्शन_एक्झिस्ट्स'च्या (या नावाचं फंक्शन आधीच आहे का, या) तपासणीत गुंडाळलंय, म्हणजे चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बेतलेली आपली थीम) त्याच नावाने नवं लिहिलं की दोन्हीकडे एकदमच सुधारेल. आज रात्री तेच करतोय.