शेपटी आडवी कित्याक?

पोस्टरचा पहिला आराखडा मी पुण्यात बसून केला होता. काळी पार्श्वभूमी, आ वासलेला जबडा, खाली लालभडक अक्षरांत 'शार्क वाचवा, समुद्र वाचवा'. काम देणाऱ्या संस्थेत सगळे खूश. त्यांच्यातला समुद्री जीवशास्त्र शिकलेला एक मुलगा तेवढा म्हणाला, "छापायच्या आधी एकदा मालवणला दाखवून या ना." मी जरा वैतागूनच बस धरली.

संध्याकाळी जेटीवर लिलाव उरकत आला होता. एका मावशींसमोर पाटीत हात-हात लांबीच्या राखाडी मोऱ्या पडल्या होत्या. टॅबलेट पुढे धरला आणि काय वाटतं म्हणून विचारलं.

"शार्क म्हंजे मोरीच मां? मगे मोरी वाचवा म्हन. पन ती वाचवलंस तर मी इकू काय?"

जबड्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आपण शहरात बसून या माशाची भीती घालवायच्या गोष्टी करतो. इथे तो बाळंतिणीला खिलवतात. मग त्यांचं बोट कोपऱ्यातल्या छोट्या चित्रावर गेलं. ते मी घाईत कुठूनतरी उतरवून घेतलं होतं.

"ही शेपटी आडवी कित्याक? हो गादो काडलंस तू."

गादा म्हणजे डॉल्फिन. त्यांनी पाटीतली एक मोरी शेपटीला धरून उचलली आणि माझ्या नाकासमोर धरली. शेपटी उभी, वरचं पातं लांब, खालचं आखूड. मग डोक्यामागच्या चिरांवरून नख फिरवत मोजल्या: एक, दोन, तीन, चार, पाच. माझ्या चित्रात तीन रेघा होत्या. अठरा वर्षं डिझाइन करते आहे, पण इतका सरळ फीडबॅक कधी मिळाला नव्हता.

खरी अडचण पुढेच होती. मावशींच्या पाटीतली मोरी विकायला कायद्याची आडकाठी नाही. व्हेल शार्क या अवाढव्य, ठिपकेवाल्या शार्कला मात्र 2001 पासून वाघाइतकंच संरक्षण आहे, आणि वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 ला लागू झाल्यावर संरक्षित माशांची यादी आणखी लांबली. म्हणजे 'शार्क वाचवा' वाचून जेटीवरच्या माणसाला काहीच कळत नाही. कुठला सोडायचा, कुठला नाही, हे त्याला हवं.

तिथेच भिंतीवर कुणीतरी पूर्वी लावलेला एक फ्लेक्स होता. उन्हात लाल शाई आधी उडते, काळी-निळी टिकते. मजकूर होता 'हे मासे पकडू नका'. त्यातलं 'नका' ठसठशीत दिसावं म्हणून लाल केलेलं. ते पार उडून गेलं होतं. उरलं होतं 'हे मासे पकडू'. मी फोटो काढला, आणि माझ्या पोस्टरातला लाल रंग तिथल्या तिथे रद्द केला.

रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरच्या, जाळं विणत बसलेल्या एका आजोबांशी बोलले. व्हेल शार्कला कुणी बहिरी म्हणालं, कुणी देवमासा. आजोबांना नावाशी देणंघेणं नव्हतं. "जाळा कापला तर भरून कोण देतलो?" डिसेंबर 2018 पासून महाराष्ट्रात संरक्षित जीव सोडवताना जाळं फाटलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते, हे त्यांना ठाऊक होतं. "पन फोटो लागता. हात जाळ्यात आसतत, फोटो कोन काडतलो?" हा प्रश्न माझ्या एकाही संदर्भ-पोस्टरात नव्हता.

रात्री खोलीवर गुजरातच्या मोहिमेची कागदपत्रं पुन्हा चाळली. तिथे पूर्वी तेलासाठी व्हेल शार्कची शिकार व्हायची. 2004 च्या मोहिमेत रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला बाळंतपणाला माहेरी येणारी लेक म्हटलं, नाव पडलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. गावोगाव खऱ्या आकाराची हवा भरलेली प्रतिकृती फिरवली. पुढे कोळ्यांनी स्वतः जाळी कापून शेकडो मासे सोडले. तिथे जबडा कुठेच नव्हता. पण 'लेक' इथे उसनी आणणं मला पटेना. मालवणात तिला तसं कुणी म्हणत नाही.

नव्या आराखड्यात व्हेल शार्क वरून काढला, होडीतून दिसेल तसा: रुंद चपटं डोकं, पाठभर पांढरे ठिपके. खाली भरपाईची रक्कम, आणि 'एकाने जाळं धरा, दुसऱ्याने फोटो काढा'. शाई काळी आणि निळी. संस्थेत एकजण कुरकुरला, थरार गेला म्हणून. गेला खरा.

कोपऱ्यात विकायला आडकाठी नसलेली छोटी मोरीही ठेवली, फरक कळावा म्हणून, आणि सगळं मावशींच्या मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. तासाभराने मावशींचा आवाज आला: "शेपटी बरी झाली गो बाय. आता कल्ले मोज."

फाइल मोठी करून चिरा मोजल्या. चार होत्या.