आमची वाटचाल : पाण्यातील टोल्यूइनच्या शोधात

भोसरीतील आमच्या कार्यशाळेने निअर-इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लाल रंगापलीकडच्या प्रकाशाने पदार्थ मोजणारी) यंत्रे बांधायला सुरुवात केली ती पिठातील आर्द्रता आणि प्रथिने मोजण्यासाठी; त्या वर्षांत कामही मिळाले आणि पैसाही वेळेवर आला. खरी कसोटी लागली ती सांडपाण्यातील टोल्यूइन हे कारखान्यांत वापरले जाणारे द्रावक मोजण्याचे काम अंगावर घेतले तेव्हा.

१४५० आणि १९४० नॅनोमीटर तरंगलांबीला पाणी स्वतःच प्रचंड प्रकाश शोषते, हे ठाऊक असूनही आम्ही १ मिलिमीटर जाडीच्या सेलवर (नमुना धरणाऱ्या पारदर्शक कुपीवर) आणि पीएलएस कॅलिब्रेशनवर, म्हणजे शोषणाच्या आलेखावरून प्रमाण काढणाऱ्या गणिती सूत्रावर, विसंबलो. हिवाळ्यात प्रयोगशाळेत आकडे सुरेख जुळले. मे महिन्यात कुरकुंभच्या एका ईटीपीवर (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर) यंत्र नेले, तर ते नळाच्या साध्या पाण्यातही टोल्यूइन दाखवू लागले. पाणी तापले की १४५० चा शोषणपट्टा लघुतरंगांकडे सरकतो, आणि आमचे कॅलिब्रेशन त्या सरकण्यालाच टोल्यूइन समजत होते.

त्याच सुमारास एका प्रतिस्पर्ध्याने आयात यंत्र आणून, वाहत्या पाण्यातूनच एक-दोन पीपीएम (दहा लाख भागांत एक-दोन भाग) इतके टोल्यूइन मोजून देण्याचे आश्वासन देत आमच्या तीन ऑर्डरी नेल्या. त्यांच्या यंत्रापुढेही पाणी तेच होते. पण आमची चूक त्यांनी गावभर सांगितली, याचा सल अजून गेलेला नाही. त्या पावसाळ्यात पगार थकले आणि लेथ विकावी लागली.

टिकून राहिले ते त्या ईटीपीवरचे वयस्कर केमिस्ट, आमचे नाना. ते म्हणाले, "जीसीवाले, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करून मोजणारे, सिलिकॉनच्या लेपावर द्रव्य ओढून घेतात ना, मग तुम्ही पाण्यातच कशाला शोधता?" त्यानंतर आम्ही सिलिकॉनची पातळ पट्टी ढवळत्या नमुन्यात सोडू लागलो. टोल्यूइन पट्टीत साठते, पाणी जवळजवळ शिरत नाही. टिपकागदाने पट्टी हलकेच टिपून प्रकाशापुढे धरली की १६८० नॅनोमीटरच्या आसपास, सिलिकॉनच्या स्वतःच्या शोषणपट्ट्याला अगदी खेटून, टोल्यूइनचा लहानसा उंचवटा दिसतो. तो पहिल्यांदा दिसला त्या दिवशी नाना जेवायचे विसरले होते.

यंत्र घेणाऱ्यांनी विक्रेत्याचा ०.९९ चा (कॅलिब्रेशन किती जुळते ते सांगणारा) आकडा पाहून सही करू नये. निव्वळ पाण्याचे रीडिंग २० आणि ४० अंशांना समोर घ्यायला लावावे. मिथेनॉलसाठी मात्र आमची पट्टी मागू नये. ते पाणी सोडून सिलिकॉनमध्ये फारसे येतच नाही, आणि तशी चौकशी आली की आम्ही जीसीचाच सल्ला देतो.