रासबेरीचा दुसरा बहार

न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात मी एका फळबागेत काम करते. सप्टेंबरमधल्या एका शनिवारी गिऱ्हाइकं स्वतः रासबेरी तोडायला येणार होती, म्हणून आदल्या दिवशी मी माल तपासत होते.

आमची जात ‘हेरिटेज’. जवळच्याच जिनीव्हा संशोधन केंद्राने ती १९६९ मध्ये आणली. यंदा फुटलेल्या काडीच्या शेंड्याला ऑगस्टअखेर फळ धरतं. शेंडा छाटून काडी राखली, तर पुढच्या जून-जुलैत तिच्याच खालच्या डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागी, पुन्हा बहार येतो आणि मग ती वाळते. माझं माहेर नाशिककडचं, द्राक्षाचं. तिथे दोन छाटण्या करून एक पीक घेतात. इथे एक काडी दोनदा फळते, हे मला अजून नवलाचं वाटतं.

रासबेरी ओढली की पांढरा गाभा काडीवरच राहतो. त्या दिवशी तो लाल रसाने माखलेला दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. कपभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर मीठ विरघळवलं, फळं हलकेच चेपून त्यात टाकली. पंधरा मिनिटांत पांढऱ्या अळ्या वर आल्या. ठिपकेदार पंखांची फळमाशी! साधी फळमाशी सडक्या फळावर जाते. हिची मादी करवतीसारख्या अवयवाने चांगल्या, पिकू लागलेल्या फळात अंडी घालते.

तोडणी रद्द झाली. पिकलेलं सगळं फळ उतरवून प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद केलं, पिशव्या उन्हात ठेवल्या. गिऱ्हाइकं चिडली. त्यांना फवारणी नको असते आणि अळीही नको असते. शिवाय रासबेरीवर फुलं आणि पिकलं फळ एकाच वेळी असतं. मधमाश्या सांभाळून फवारायचं तर संध्याकाळच उरते.

जुलैत अतिपिकलेली फळं काड्यांवरच सोडली होती. तो तोडणी बघणाऱ्याचा हलगर्जीपणाच. त्या वेळी दर दोन दिवसांनी तोडा व्हायला हवा होता.

मालक म्हणतात, मार्चमध्ये सगळ्या काड्या जमिनीलगत कापू. जूनचा बहारच नसला की माशीला शरदापर्यंत वाढायची मधली सोय उरणार नाही. मला उलट वाटतं. जूनमध्ये माशी तुरळक असते, म्हणजे स्वच्छ माल तेव्हाच मिळतो. पण भरघोस पीक शरदातलंच, आणि बागेचा खर्च त्यावरच निघतो, हे मलाही खोडता येत नाही. मी दोन ओळी मागितल्या आहेत: त्यांत जुन्या काड्या राखायच्या आणि नव्या काड्यांचा फुलोरा दिसेल तसा खुडून टाकायचा. मालकांनी अजून हो म्हटलेलं नाही.