दोष लाइटचा नव्हता

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत माझ्या परिचयाच्या एका टॉवेल कारखानदाराकडे जकार्डची (कापडात विणून काढलेल्या नक्षीची) डिझाइने करणारा संगणक मे महिन्यात, दुपारी काम ऐन रंगात आले की, अचानक बंद पडून पुन्हा सुरू होत असे. आपल्याकडे अशा वेळी आधी लाइटला नावे ठेवली जातात. त्यानुसार त्यांनी सर्व्हो स्टॅबिलायझर, म्हणजे येणारे व्होल्टेज स्थिर ठेवणारे यंत्र, बसवला, आणि काहीच फरक पडला नाही.

पडणारही नव्हता. चांगला एसएमपीएस, म्हणजे संगणकाला लागणारी कमी व्होल्टची वीज बनवणारा डबा, २३० व्होल्टच्या पुरवठ्यातील बराच चढउतार स्वतःच पचवतो. खरी परीक्षा असते ती त्याच्या आउटपुटची. १२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्के सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट, आणि रिपल, म्हणजे त्या व्होल्टेजवरचा बारीक वेगवान चढउतार, १२० मिलिव्होल्टच्या आत राहावा लागतो. मल्टिमीटरवर आकडा उत्तम आला, कारण तो सरासरी दाखवतो. व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला तेव्हा पडद्यावर नुसते काटेच काटे दिसले. पण ती माझीच चूक होती, प्रोबची (मोजणीच्या टोकाची) लांब ग्राउंड वायर अँटेनासारखी आजूबाजूचा गोंगाट पकडत होती. ती काढून टोकाजवळ आखूड स्प्रिंग लावली, त्याहून वेगवान गोंगाट गाळला जावा म्हणून बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर मर्यादित केली, तेव्हा खरे चित्र दिसले: लोड वाढताच रिपल मर्यादेच्या कितीतरी बाहेर जात होता आणि लाइन क्षणभर खाली बसत होती.

प्रोसेसरला हे १२ व्होल्ट थेट मिळत नाहीत; मदरबोर्डवरील रेग्युलेटर ते सुमारे एक व्होल्टवर आणतो. एक व्होल्टवर १०० वॅट म्हणजे १०० अँपिअर, आणि एवढ्या प्रवाहाच्या वाटेत एक मिलिओहमचा अडथळा असला तरी ०.१ व्होल्ट, म्हणजे थेट दहा टक्के, वाटेतच खर्ची पडतात. म्हणूनच रेग्युलेटर प्रोसेसरला खेटून बसवतात आणि व्होल्टेज प्रोसेसरच्या पायांशी मोजून सुधारतात. तरीही लोड एकाएकी उसळला की नियंत्रण जागे होईपर्यंतची वेळ वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरनाच निभावून न्यावी लागते. एसएमपीएसच्या आउटपुटचेही तसेच आहे.

एसएमपीएस उघडला तर पंखा सुताच्या तंतूंनी गच्च भरलेला आणि आउटपुटच्या तीन कपॅसिटरची डोकी फुगलेली. तापमान दहा अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि सोलापूरच्या मे महिन्यात बंद खोलीतल्या त्या डब्याच्या आत किती तापत असेल हे वेगळे सांगायला नको. मी कपॅसिटर न बदलता नवा एसएमपीएसच बसवला. स्टॅबिलायझर आता त्यांच्या कार्यालयातील एसीला जोडलेला आहे.