मोत्याचं निदान

कोथरूडच्या त्या घरी मी गेले ती ब्राउनीसाठी. १३ वर्षांची चॉकलेटी लॅब्राडोर, दोन्ही किडन्या संपत आलेल्या. हा आजार फार उशिरा तोंड दाखवतो. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं. तरी या घरानं तिला पुष्कळ ओढून आणलं होतं. सूनबाई स्वतः शिकून तिला कातडीखाली सलाईन द्यायच्या, खुर्चीच्या पाठीला बाटली टांगून. पण आता तोंडात व्रण आले होते, श्वासाला उग्र दर्प होता आणि आदल्या दिवशी तिनं दहीभातही हुंगून सोडला होता. लॅब्राडोर जेवणाकडे पाठ फिरवतो, तेव्हा घरच्यांना मी फार काही समजावत बसत नाही. त्यांनीच फोन केला होता, "डॉक्टर, आज या."

शिरवळच्या कॉलेजातून बाहेर पडल्यापासून मी पुण्यातच प्रॅक्टिस करते. काही घरांची एकापाठोपाठ एक कुत्री माझ्या हातून गेली आहेत. हे त्यातलंच एक घर. ब्राउनीच्या आधीचा बंड्या माझाच पेशंट होता. पौड रोडवरून उचलून आणलेलं गावठी पिल्लू, गोचीडतापातून दोनदा उठलं, चांगलं म्हातारं झालं आणि एका पावसाळ्यात झोपेतच गेलं. त्याच्या आधीची राणी, पांढरी पॉमेरेनियन, ती मी पाहिलेली नव्हती. आणि राणीच्याही आधी, हे लोक सदाशिव पेठेत वाड्यात राहायचे तेव्हा, मोत्या. त्याच्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की त्याला भोरजवळ आत्याच्या शेतावर सोडलं होतं. मुलाच्या तोंडून मी ते ऐकलेलं.

आजोबा पंच्याऐंशीच्या घरातले, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. ते सतरंजीवर बसले होते आणि ब्राउनीचा पुढचा पाय त्यांच्या मांडीवर होता. नात दारात उभी. "मी आत थांबू का बाहेर?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "जमत असेल तर थांब. तिला तुमचे आवाज ऐकू येऊ देत." हे मी सगळ्यांनाच सांगते. माणसं बाहेर गेली की कुत्रा दाराकडे बघत राहतो. रडलात तरी चालेल, पण थांबा.

आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायचं, ते स्नायूत. ते चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि त्या वेळात कुणाला काय बोलावं ते सुचत नाही. मी पुढच्या पायावरचे केस काढत होते. आजोबा दुसऱ्या पंजाच्या गाद्यांवरून अंगठा फिरवत होते. मध्येच म्हणाले, "हिचे पंजे शेवटपर्यंत मऊ राहिले. मोत्याचे चपलेच्या टाचेसारखे झाले होते."

माझा हात थांबला. "कधी झाले होते, आजोबा?"

"आजारपणात."

"कसलं आजारपण, बाबा?" मुलानं विचारलं. "मोत्या आत्याकडे होता ना?"

आजोबांनी ब्राउनीवरची नजर काढली नाही. तसंच खाली बघत सांगत गेले. १९८४ साल. त्याच दिवाळीनंतर इंदिरा गांधी गेल्या, म्हणून वर्ष पक्कं लक्षात. नागपंचमीच्या सुमारास मोत्याचं नाक वाहायला लागलं, डोळ्यांत पू. मग हगवण. थोडा सावरल्यासारखा झाला आणि गणपती बसले त्या आठवड्यात फिट यायला लागल्या. तोंडात काही नसताना जबडा सारखा हलायचा, लाळ गळायची. एक पाय झोपेतही उडत राहायचा. वाड्यात बोभाटा झाला, कुत्रं पिसाळलंय. तेव्हा कुत्रा चावला म्हणजे पोटात चौदा इंजेक्शनं, आणि चौकात वाड्यातली सगळी पोरं खेळायची. बिऱ्हाडकरूंनी आजोबांना घेरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मोत्याला पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरियरवर बांधलं आणि दवाखान्यात नेऊन इंजेक्शन द्यायला लावलं. पुरायला तळजाईच्या उतारावर गेले, एकटेच. घरी येऊन सात वर्षांच्या मुलाला सांगितलं, मोत्याला आत्याकडे शेतावर सोडलं.

"मी सुट्टीत गेलो की गोठ्यामागे जाऊन त्याला हाका मारायचो," मुलगा म्हणाला. "आत्या सांगायची, रात्री राखण करतो, दिवसा रानात असतो."

"मीच तिला तसं सांगायला सांगितलं होतं."

थोड्या वेळानं आजोबांनी मान वर केली. मुलाकडे नाही, माझ्याकडे. "तो मला एकदाही चावला नाही हो. पोत्यात घालतानासुद्धा नाही. पिसाळला नव्हता आणि मी लोकांना घाबरून मारला, असं तर नाही ना झालं?"

एवढी वर्षं हा माणूस हा प्रश्न घेऊन जगत होता. मध्ये तीन कुत्री पाळली, त्यांना औषधं भरवली, आणि मनात ही एक गाठ तशीच.

मी ब्राउनीच्या पापणीला बोट लावून पाहिलं. ती अजून थोडी जागी होती, वेळ होता. मी त्यांना विचारलं, नाक वाहायला लागल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत किती दिवस? नागपंचमी ते गणपती, म्हणजे महिनाभर. आधी नाक-डोळे, मग पोट, मग मेंदू. हलणारा जबडा, उडणारा पाय, कडक झालेल्या गाद्या. शिकवताना पाटीवर लिहावा तसा हा डिस्टेंपर, कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार. त्याचं जुनं एक नावच मुळी कडक पंजांवरून पडलेलं आहे, आणि त्या चघळण्याला आम्ही आजही च्युइंगम फिट्स म्हणतो.

"आजोबा, रेबीज झालेला कुत्रा लक्षणं दिसल्यावर दहा दिवसांत जातो. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा म्हणतात ते त्याचसाठी. तुमचा मोत्या महिनाभर आजारी होता. तो पिसाळलेला नव्हता."

त्यांचा चेहरा पडला. मी घाईनं पुढचं सांगितलं, कारण अर्धंच उत्तर त्यांच्याजवळ ठेवून चाललं नसतं. डिस्टेंपरच्या विषाणूवर औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. लस आहे, आणि ती पिल्लाला वेळेत टोचली तर हा आजार टळतो. पण त्या काळात वाड्यातल्या कुत्र्याला लस टोचायची असते हे किती जणांना माहीत होतं? मेंदूपर्यंत पोचलेला डिस्टेंपर, तासातासाला फिट, असा पेशंट आज टेबलावर आला तर फिट थांबवायची औषधं देऊन पाहते. त्यांनी भागलं नाही तर मीही तेच करते, जे त्या पहाटे तुम्ही करून घेतलंत. तपासणीशिवाय निदानाची शपथ घेणं आमच्या पेशात बसत नाही. पण मोत्या मरणाच्या दारातच होता आणि तुम्ही त्याचे हाल थांबवलेत, यावर मी सही करून देईन.

ते काही बोलले नाहीत. मुलगा उठून त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसला.

ब्राउनीला गुंगी पूर्ण चढली होती. रक्तदाब उतरलेला, शीर पटकन सापडेना. दुसऱ्या पायावर सुई लागली. शेवटचं औषध म्हणजे भुलीचंच, प्रमाणाबाहेर दिलेलं. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. डोळे मिटत नाहीत, एखादा खोल श्वास नंतरही येतो, लघवी होते, हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे कुणी दचकत नाही. स्टेथोस्कोप लावून पुरेसा वेळ ऐकलं आणि "गेली" म्हणाले. नातीनं तिच्या कानामागे हात ठेवला होता, तो तसाच राहिला.

मी सामान आवरत असताना सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मग राणीचंही सांगा." राणी माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी सारखं पाणी प्यायला लागली, पोट वाढलं, जेवण सुटलं. "आम्हाला वाटलं पिल्लं आहेत."

पायोमेट्रा, गर्भाशयात पू. इथे मला गोड बोलता येत नव्हतं. वेळेत नसबंदी केली असती तर तो झालाच नसता, आणि त्या वाढलेल्या पोटाला तेव्हाच दाखवलं असतं तर ऑपरेशननं ती बहुतेक वाचली असती. नव्वदच्या दशकात घरच्या कुत्रीची नसबंदी कोण करायचं, हेही खरं. पण मोत्याबद्दल जसं मी निःशंक सांगितलं, तसं राणीबद्दल सांगता आलं नाही. आजोबांना दिलेल्या उत्तराला किंमत राहायची असेल तर हेही खरंच सांगायला हवं होतं.

सूनबाईंनी मान हलवली. "वाटलंच होतं. म्हणून तर ब्राउनीचं ऑपरेशन तुमच्याकडून आधीच करून घेतलं."

महापालिकेच्या प्राण्यांच्या दाहिनीत न्यायला गाडी खाली आली होती. आजोबा जिने उतरणार नव्हते, त्यांना गुडघे साथ देत नाहीत. ते दाराशी थांबले. मुलगा चपला घालता घालता म्हणाला, "बाबा, आत्याला रात्री फोन लावू या. स्पीकरवर ठेवतो. तुम्हीच सांगा तिला."

"ती आधी मलाच ओरडेल," आजोबा म्हणाले. "इतकी वर्षं खोटं बोलायला लावलं म्हणून."

"ओरडू दे की."

तेव्हापासून नवीन केसपेपरवर मी एक ओळ वाढवली आहे: याआधीचं जनावर कशानं गेलं? बहुतेक जण आधी "वय झालं होतं" म्हणतात. मी पेन खाली ठेवून थांबते. मग कुणीतरी सांगतं, मी रात्री जास्तीची भाकरी घातली आणि आमचा ग्रेट डेन सकाळपर्यंत गेला. पोट फुगलं होतं, ओकाऱ्या यायच्या पण पडत काहीच नव्हतं. पोटाला पीळ पडला होता त्याच्या. मोठ्या छातीच्या कुत्र्यांत तो पडतो, आणि तासाभरात ऑपरेशन टेबल गाठलं तरी काही जातातच. एका भाकरीवर त्याचा ठपका ठेवता येत नाही, हे मी त्या बाईंना सांगितलं. मग त्यांच्या नव्या पिल्लाची जेवणं दिवसातून तीन वेळा कशी विभागायची, ते कागदावर लिहून दिलं.